एक खाट, तीन कारणं

धुळवडीच्या सकाळी आम्ही तिघे चौकीत उभे होतो: मी प्रेमिला, माझा भाऊ रविंद्र आणि नाल्यापलीकडच्या पारधी वस्तीतला आमचा दोस्त धोंडबा. होळीसाठी लाकडं पळवताना सलग तिसऱ्या वर्षी सापडलो होतो. यंदा तर चौकीतलीच खाट उचलली. होळीत गेलेलं लाकूड परत काढायचं नसतं, म्हणून हवालदार रुपराव खिडकीतून तिची राख बघत हळहळत होते.

"रविंद्रभाऊचं काय, वयच हाय. सणाची मस्ती. घरी जा गा." मग माझ्याकडे बघून त्यांनी च्‌ च्‌ केलं. "पोरीची जात असं नाही करत. बाहेरचं काही लागलं असन हिले. हिच्या बाबाले सांगतो, यंदा हात पिवळे करा." शेवटी धोंडबाकडे वळले. "आन् हा पारधी. याच्या रक्तातच चोरी हाय. याले टाका आत."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझं डोकंच फिरलं. खाट एक आणि कारणं तीन? धोंडबाला उद्यापासून मिलमध्ये काम लागणार होतं. आज आत गेला की ते गेलं.

"काका, खाट मी चोरली. या दोघायनं नुसते तिचे पाय धरले."

"चूप वं! पोरीले जमते काय?"

तेवढ्यात दारात गुलालवाले आले. "होली है!" हवालदार उठले आणि गाल पुढे करून दारात गेले. मी त्यांची वेताची खुर्ची डोक्यावर घेतली, मागच्या दारानं चौकात पळाले आणि होळीच्या निखाऱ्यांवर ठेवून दिली. ती भर्रकन पेटली. मोहल्ला टाळ्या पिटू लागला. मला तर हसून हसून उभं राहवेना.

हवालदार धावत आले. "कोणं आणली हे?"

"मी! साऱ्यायनं पाह्यलं. आता धोंडबाले आत टाकता, तं मलेबी टाका. माह्याबी रक्तात असन."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मग गर्दीकडे. गावात वजन असलेल्या माझ्या वडिलांचाही विचार त्यांच्या मनात आला असणार.

"सण हाय," ते पुटपुटले. "जा तिघंबी."

आम्ही सुटलोच. मागून हाक आली, "ए धोंडबा! पुढच्या सालले टेबल नोको नेऊ गा, सरकारी हाय!"

धोंडबा इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. मला आनंदानं रडूच आलं.

"पुढच्या सालीबी पकडतीन मले," तो डोळे पुसत म्हणाला. "पण रक्तासाठी नाही, सणासाठी!"