चौघांपुरती खोली

कारखान्यात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. इमारतीची देखभाल त्यांच्याकडे, आणि कमरेला सदतीस किल्ल्यांचा जुडगा. कुठलं दार कधी फुगतं, कुठला नळ कोणाच्या हाताचं ऐकतो, सगळं तोंडपाठ. मीटिंगला मात्र त्यांना फक्त खुर्च्या मांडायला बोलावत.

कारखाना दवाखान्यांचे पलंग बनवायचा. पलंगाला वर-खाली होणारा कठडा आणि कठड्याला खिट्टी. या खिट्टीने तीन महिने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. काही अडकायच्या, काही खडखडायच्या, आणि एका मोठ्या दवाखान्याने चाळीस पलंग दोनदा परत पाठवले होते. मग दर सोमवारी मोठ्या हॉलमध्ये बावीस माणसं बसायची. साहेब विचारायचे, "चूक कुणाकडून होतेय?" ड्रॉइंगवाला म्हणायचा, ड्रॉइंग बरोबर आहे. फिटर म्हणायचा, फिटिंग बरोबर आहे. पेंटर तर म्हणायचा, रंगाचा इथे संबंधच काय. चहा व्हायचा, माणसं उठायची आणि पलंग पुन्हा परत यायचे. बाईंना या प्रकाराचा वीट आला होता.

बाईंच्या घरी सासूबाई, जाऊबाई आणि त्या. दिवाणखान्यात बसलं की तिघींची तोंडं तीन दिशांना. पण स्वयंपाकघर एवढंसं, की एकीने भांडी घासली तर दुसरीला विसळावीच लागत. कोपराला कोपर लागलं की पोटातलं ओठांवर यायचं. घरातली सगळी मोठी भांडणं त्या बेसिनपाशीच मिटली होती.

म्हणून एका सोमवारी मीटिंग संपल्यावर त्यांनी साहेबांकडे जिन्यामागची जुनी फायलींची खोली मागितली. "आठ फूट बाय सात. एक टेबल, चार स्टूल. पाचवा आला की दार लागत नाही, एवढीच हवी."

साहेब हसले. तिथे त्यांच्या भाच्याची केबिन व्हायची होती. "शुक्रवारपर्यंत घ्या. खिट्टीचा गुंता सुटला तर खोली तुमची. नाहीतर शनिवारपासून भाचा तिथे बसेल."

"शुक्रवार पुष्कळ झाला," बाई म्हणाल्या.

मंगळवारी ड्रॉइंगवाला, फिटर आणि पेंटर असे तिघे बाईंबरोबर तिथे बसले आणि हॉलमधलंच रडगाणं गाऊन उठले. बुधवारी तेच, गुरुवारी तेच. बाई डगमगल्या नाहीत, पण आपलं काय चुकलं ते त्यांना कळलं. घरी हातात भांडी असतात. इथे तिघांच्या हातात नुसते कागद होते.

शुक्रवारी त्यांनी कागद दाराबाहेर ठेवायला लावले आणि खिट्टी अडकलेला अख्खा कठडा टेबलावर आणून ठेवला. टेबलावर तो मावेना. एक टोक पेंटरच्या मांडीवर, दुसरं ड्रॉइंगवाल्याच्या पोटाशी. फिटरने खिट्टी ओढून पाहिली, हलेना. मग त्याने सवयीने खिशातून कानस काढली आणि खिट्टीवर दोन-चारदा घासली. खिट्टी सुटली.

पेंटर बघतच राहिला. "हे तू रोज करतोस?"

"अडकली तर करावंच लागतं. तेवढ्यासाठी कुठे बोंब मारायची?"

"अरे, म्हणून लोखंड उघडं पडतं होय! मला वाटायचं माझाच रंग टिकत नाही. गपचूप तिसरा हात मारत होतो मी."

"जाड रंगाने अडकणारच," ड्रॉइंगवाला म्हणाला आणि एकदम गोरामोरा झाला. "आणि घासून घासून ज्या सैल व्हायच्या, त्यांच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. मी ड्रॉइंगमध्ये खिट्टीची फट दोनदा कमी केली. कोणाला सांगितलं नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाने कोणाला न सांगता आपापल्या परीने दुरुस्ती केली होती, आणि त्या दुरुस्त्यांनी चाळीस पलंगांचं वाटोळं झालं होतं. फिटर आधी हसला. मग तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"खिट्टीचा पहिला नमुना याच खोलीतल्या फायलींच्या कपाटात आहे," बाई म्हणाल्या. जुडग्यातली एकोणिसावी किल्ली लागली. जुनी फट, दोनच हात रंग, कानस न लागलेली खिट्टी. ड्रॉइंगवाल्याने ती ओढली आणि सोडली. टक. पुन्हा टक.

तेवढ्यात दार वाजलं. फिटरने ते जरासं उघडलं. बाहेर साहेब, आणि मागे टेप घेतलेला भाचा.

"साहेब, जरा थांबता का? आत चौघं झालोत."

"चौथं कोण?"

"बाई."

वीस वर्षांत साहेबांना कुठल्या दाराबाहेर कोणी थांबवलं नव्हतं. ते थांबले. पाच मिनिटांनी नमुना त्यांच्या हातात आला, आणि कोणी काय केलं ते तिघांनी आपापल्या तोंडाने सांगितलं. साहेबांनी खिट्टी दहा-बारा वेळा लावून पाहिली.

"मामा, माप घेऊ ना?" भाच्याने विचारलं.

"टेप गुंडाळ," साहेब म्हणाले.

बाई सवयीने उठल्या, साहेबांना स्टूल द्यायला.

"बसा बाई," साहेब म्हणाले. "खोली तुमची आहे." ते मागे सरले आणि दार त्यांनी स्वतःच बाहेरून ओढून घेतलं.