प्रसाद खाण्यात धरत नाहीत

एकोणीसशे शहाऐंशी सालचा श्रावण. आमच्या नंदनवन वस्तीत तेव्हा अर्ध्या प्लॉटांवर घरं होती आणि अर्ध्यांवर बाभळी. आमच्या घरामागच्या अशाच एका मोकळ्या प्लॉटवर मांडव पडला आणि पिघलेश्वर महाराज अवतरले. नावाला हसू आलं तर हसा. तेव्हा गल्लीत हसणारे मी आणि माझे मिस्टर आनंदराव, असे दोघंच होतो.

महाराजांचं काम एकच, पित्ताशयातले खडे विरघळवणं. डोकेदुखी नाही, भूतबाधा नाही, मूल होणं तर मुळीच नाही. "हम एकच विषयाचे मास्टर आहो," असं ते म्हणत आणि या नम्रतेवर लोक फिदा होत. सकाळपासून सायकलरिक्षांची रांग लागे. महाराज पोटावरून मोरपीस फिरवत, डोळे मिटत आणि मग वाटीभर शिरा हातात देत. शिरा कसला, तुपात पोहणारा रवा. वर मलईच्या दुधाचा पेला. दोन्ही संपवल्याशिवाय उठायची परवानगी नव्हती. मग तिथूनच सगळ्यांना टेम्पोत बसवून सोनोग्राफीला पाठवत.

खरी जादू हीच होती. सोनोग्राफी आमच्याकडे नवीनच आली होती, लोक तिला पोटाचा टीव्ही म्हणत. बाकीचे बाबा डॉक्टरांपासून लांब राहायला सांगत, हे महाराज स्वतःच्या खर्चाने डॉक्टरकडे धाडत. "मी काही बोलत नाही, माई. मशीनले विचारा. मशीनले कोणी शिरा चारला का?" असं म्हणून स्वतःच हसत. दुपारी टेम्पो परत यायचा, भक्त उतरून सांगायचे की खडा दिसला नाही, आणि ढोलक सुरू व्हायची.

माझी शेजारीण यमुताई त्या टेम्पोत बसली, तेव्हा मात्र माझं हसणं थांबलं.

यमुताई म्हणजे माझी जिवाभावाची मैत्रीण. कमरेला सुपारीचा बटवा आणि तोंडात कायम माझी खोडी. उन्हाळ्यात तिच्या उजव्या बरगडीखाली कळ उठायला लागली. जेवण जरा तेलकट झालं की रात्रभर विव्हळायची. एकदा डोळे पिवळसर दिसले. आनंदरावांची भाची डॉक्टर प्रेमिला धंतोलीतल्या दवाखान्यात सोनोग्राफी करायची, तिने तपासून खडे दाखवले. सर्जननी ऑपरेशनची तारीख दिली. पोट फाडणार म्हटल्यावर यमुताईची झोप उडाली आणि तिचे यजमान मधुसूदनराव तिला महाराजांकडे घेऊन गेले. मधुसूदनराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क. माणसाच्या तोंडावर त्यांचा विश्वास नसे, पण शिक्का असलेला कागद दिसला की ते उभे राहत. टेम्पोतून आणलेल्या रिपोर्टवर शिक्का होता. ऑपरेशन रद्द झालं.

मी प्रेमिलाला घरी बोलावलं आणि यमुताईलाही. माझ्या स्वयंपाकघरात बसून प्रेमिलाने तो रिपोर्ट दोनदा वाचला. खडा दिसला नाही हे त्यात होतंच, पण पुढे असंही होतं की पित्ताशय आकसलेलं आहे, उपाशीपोटी पुन्हा तपासावं. पुढचं महाराज कधीच वाचून दाखवत नसत.

"मावशी, त्या दिवशी काही खाऊन गेला होतात?" प्रेमिलाने विचारलं.

"नाही गं. तिथल्या डॉक्टरांनीही विचारलं. कडकडीत उपाशी गेले होते."

प्रेमिला विचारात पडली. उपाशी माणसाचं पित्ताशय भरलेलं असायला हवं, ते आकसेल कसं? मला मात्र ती वाटी आठवली.

"आणि शिरा वं?" मी म्हटलं. "माझ्या डोळ्यादेखत चाटूनपुसून खाल्ला ना तू?"

यमुताईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की एवढी वर्षं शाळेत शिकवून ही बाई कोरडीच राहिली. "तो प्रसाद होता, सिंधूताई. प्रसाद काय खाण्यात धरतात?"

प्रेमिला हसली. तिने यमुताईचा बटवा मागून घेतला. "हे तुमचं पित्ताशय. पोट रिकामं असलं की ते पित्ताने असं फुगलेलं असतं आणि आतला खडा आम्हाला दिसतो. तूप पोटात गेलं की ते पित्त ओतायला आवळतं." तिने बटव्याची दोरी ओढली. "आता सांगा, सुपारी दिसते? शिवाय भरलेल्या पोटातला वायू आमच्यापुढे पडदा धरतो, तो वेगळाच."

यमुताईने बटवा परत घेऊन कमरेला खोचला. महाराजांनी तिला रोज सकाळी शिरा खायला सांगितला होता. उपाशी मशीनसमोर गेलीस तर विरघळलेला खडा पुन्हा जमेल, असंही बजावलं होतं. प्रेमिलाने समजावलं की बारीक खडा पित्ताच्या नळीत उतरला तर कावीळ होते, आणि नळीच्या तोंडाशी अडकला तर शेजारचं स्वादुपिंड सुजतं, त्यात माणसं दगावतात. यमुताई ऐकत होती. डोळे आजही जरा पिवळेच होते.

उपाशी कसं न्यायचं? मला रात्रंदिवस तेवढाच घोर. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेपासून उपासतापास बंद, त्यामुळे उत्तर सुचायला पोळा उलटावा लागला. दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली, आणि दोन दिवसांनी शेजारी वाळूची पिंड तयार होताना दिसली. हरतालिका. यमुताई पाण्याचा थेंब घेत नसे, प्रसाद तर सोडाच.

"चाल धंतोलीले," मी सकाळीच दारात उभी राहिले.

"आज? उपाशी? महाराज काय म्हणाले, माहीत आहे ना?"

"मग आज तू सकाळचा शिरा काहून नाही खाल्ला? महाराज मोठे का हरतालिका मोठी, एकदा ठरव."

यमुताईने पिंडीवरचं फूल सरळ केलं. मग म्हणाली, "रिक्षा बोलाव."

मधुसूदनराव साक्षीला आले. बायकोने उपास सोडला की आधी हेच खावं म्हणून शिऱ्याचा डबाही त्यांनी बरोबर घेतला. प्रेमिलाच्या सांगण्यावरून त्या दिवशी मीही काही खाल्लं नव्हतं. माझ्या आयुष्यातली ती पहिली हरतालिका.

प्रेमिलाने यमुताईच्या पोटावर थंड, चिकट मलम लावून यंत्राचा दांडा फिरवला. करड्या पडद्यावर नाशपातीएवढी काळी पिशवी दिसली. तिच्या तळाशी पांढरे खडे, आणि त्यांच्या पलीकडे सावली, दिव्यासमोर बोट धरल्यावर पडते तशी. "डाव्या कुशीवर व्हा," प्रेमिला म्हणाली. यमुताई वळली आणि खडे गडगडत दुसऱ्या बाजूला गेले.

"हलून राहिले वं," यमुताई पुटपुटली.

मधुसूदनराव म्हणाले की उपासामुळे खडे पुन्हा जमले असतील, महाराजांनी सांगितलंच होतं. मग प्रेमिलाने मला झोपवलं. माझी पिशवी भरलेली, स्वच्छ, एकही खडा नाही. "आता मामी महाराजांचा शिरा खातील," ती म्हणाली. मी डबा संपवला. चांगला होता, खोटं कशाला बोलू. तास-दीड तासाने पुन्हा पाहिलं तर पिशवीच्या जागी सुकलेल्या चिंचेसारखं काहीतरी होतं.

"बघा साहेब," मी मधुसूदनरावांना म्हटलं, "तुमच्या महाराजांनी माझे खडेच नाही, पित्ताशयच विरघळवलं."

प्रेमिला यमुताईची पित्ताची नळी पुन्हा पाहत होती. "स्वादुपिंड अजून ठीक आहे. पण नळी जरा फुगली आहे. आता थांबायचं नाही," ती म्हणाली. मधुसूदनराव हातात टोपी धरून उभे होते. त्यांनी विचारलं, "सर्जन आज भेटतील का?"

संध्याकाळी आम्ही सगळे मांडवात गेलो. आनंदराव आयुष्यात पहिल्यांदाच त्या मांडवात शिरले. महाराज वाट्या भरत होते आणि उपाशी बाया लांब सरकत होत्या.

"महाराज, आम्ही सगळ्या आज निर्जळ आहो," यमुताई मोठ्याने म्हणाली. "आम्हाला असंच मशीनवर पाठवा."

"आज मशीनची पण हरतालिका आहे, माई," महाराज म्हणाले. दोन-चार जण हसले.

"मी सकाळीच जाऊन आले. माझे खडे जागेवर आहेत."

तेवढ्यात आनंदराव पुढे झाले आणि महाराजांच्या दाढीकडे निरखून पाहायला लागले. "काय गा मनोहर, ओळखलं का मले? मागं तुह्या दवाखान्यात पोटाचा एक्स-रे काढाले आलो होतो. तूच मले लोणी-पाव चारला होता."

महाराजांच्या हातातला डाव तसाच राहिला. प्रेमिलाने सगळ्यांना समजावून सांगितलं की जुन्या एक्स-रेच्या काळात पित्ताशय नीट आवळतं का, हे पाहायला रोग्याला मुद्दाम लोणी खायला देत. ते देणारा मदतनीस म्हणजे हे मनोहर. हिमालय त्यांनी कधी पाहिला नव्हता, पित्ताशयं मात्र भरपूर पाहिली होती. मोरपीस शोभेचं होतं. काम तूप करत होतं आणि त्याची साक्ष आपण सगळे भाबडेपणाने देत होतो, उपाशीच आलो म्हणून.

सकाळी मांडवात नुसती कढई उरली होती.

यमुताईचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. एक खडा खरोखरच नळीत निघाला. सर्जन म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर कठीण होतं. मधुसूदनराव त्यानंतर शिक्क्याचा कागदही शेवटपर्यंत वाचायला लागले, निवृत्त होईपर्यंत कचेरीला त्याचा त्रास झाला. मनोहर पुढे रायपूरकडे दिसला म्हणतात, केटरिंग करतो, आणि शिरा नावाजलेला आहे. पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या पोरांनी दाढीवाला बडग्या, म्हणजे जाळायचा पुतळा, केला, हातात शिऱ्याची वाटी दिली आणि गावाबाहेर नेऊन जाळला. आनंदराव त्या मिरवणुकीत पुढे होते. आता ते नाहीत.

देव मानावा की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी मानत नाही, यमुताई मानते, आमची मैत्री शाबूत आहे. पण कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवण्याआधी एवढं विचारावं, की त्याच्या आधी काय केलं होतं, काय खायला दिलं होतं, आणि तेच दुसऱ्यावर, दुसऱ्या दिवशी, उपाशीपोटी करून दाखवता का?

मागच्या वर्षी माझंच पोट दुखलं म्हणून प्रेमिलाच्या दवाखान्यात गेले. यमुताई काठी टेकत सोबत आली. नर्सने विचारलं, आजी, सकाळपासून काही खाल्लं का?

मी तोंड उघडायच्या आत यमुताई म्हणाली, "प्रसादसुद्धा नाही."