उलट्या फेरीचे पंधरा सेकंद

मी एक जुनं, किल्लीचं स्टॉपवॉच आहे. पूर्वी सांगलीला विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या मैदानावर पोरांची धाव मोजायचो. तिथले भौतिकशास्त्राचे चिंतामण सर निवृत्त होऊन कोरेगावला राहायला आले, तेव्हा मलाही खिशात घालून घेऊन आले. कुणाला न विचारता. पण ते असो.

मित्रांनो, कोरेगावात माझं नशीब उघडलं. जुनी गाडी घ्यायची असली की माणसं आधी निजाम मिस्त्रींच्या गॅरेजात यायची. गाडी वजनकाट्यावर जायची. मग सरळ रस्त्यावर मिस्त्री तिसऱ्या गिअरमध्ये वेग चाळिसावरून साठावर न्यायचे आणि शेजारी बसलेले सर माझं बटण दाबायचे. वजन, वेग आणि माझे सेकंद यांवरून सर वहीत हॉर्सपॉवर काढायचे, आणि इंजिनाच्या फेऱ्यांवरून टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर. एक नेम मात्र ठरलेला होता. गाडी जेवढी जाईल तेवढीच वळवून उलट दिशेनंही पळवायची आणि मोजायची. रस्त्याचा बारीक उतार माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, पण गाडीला कळतो. दोन्ही फेऱ्या धरल्या की तो उतार आपोआप वजा होतो.

"मिस्त्रींनी पास केली ना? मग डोळे झाकून घे," असं लोक म्हणायचे. मीही फुगून गेलो होतो.

गेल्या हिवाळ्यात कोयनानगरपलीकडच्या एका खोलगट वाडीतून तानाजी आला. वाडीला आजारी माणसं न्यायला गाडी हवी होती, आणि तिथून दवाखाना गाठायचा तर आधी घाट चढावा लागतो. त्यानं एक जुनी व्हॅन पसंत केली होती. जाताना नऊ सेकंद भरले. परत वळलो, तर समोर उसाच्या ट्रॉल्यांची ही लांब रांग!

"सर, हितं तासभर जाईल," मिस्त्री म्हणाले.

"उलटी फेरी राहिलीय, निजाम."

"आवं सर, घरी आई आजारी हाय," मागून तानाजी म्हणाला. "नऊ सेकंदांत पळाली की! आजच न्हेऊ द्या."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. "बरं, पास," मिस्त्री म्हणाले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो.

पंधरा दिवसांनी बातमी आली. तानाजीच्या आईच्या छातीत दुखू लागलं. सहा माणसं घेऊन व्हॅन घाटाला लागली आणि दुसऱ्याच वळणावर तिचा दम तुटला. इंजिन तापलं, बंद पडलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. म्हातारी वाटेतच गेली.

तानाजी व्हॅन परत घेऊन आला. कुणावर ओरडला नाही. मिस्त्रींनी त्याला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर राहिलेली फेरी मारली. मागे बसलेल्या सरांनी माझं बटण दाबलं. पंधरा सेकंद. म्हणजे जातानाचे नऊ सेकंद रस्त्याच्या उतारानं दिले होते.

"म्हंजी ही घाटाची गाडीच न्हवती," मिस्त्री म्हणाले. "चूक माजी हाय, तानाजी."

"घाई तर मीच केली, मिस्त्री." तानाजीनं मान खाली घातली. "घाटात आईला मीच सांगत हुतो, गाडी पास झालीया, भिऊ नगंस."

त्या दिवसापासून मी गॅरेजच्या खणात पडून आहे. माझी किल्ली गंजली. सर आता येत नाहीत. मिस्त्री खण उघडतात, पाना घेतात आणि माझ्याकडे न बघता खण लावतात. मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, मला पुसू नका, किल्ली देऊ नका, चालेल. पण मोजमाप अर्धं टाकून कुणाला 'पास' म्हणू नका. त्या एका शब्दावर विसंबून कुणीतरी आपल्या आईला गाडीत बसवतं.