बगळ्याच्या पाठीवर तिघे

रामनाथ मेहेरने पट्टा ओढला, कडी टक्क वाजली, तरी त्याने ती सोडवून पुन्हा लावली. एकदाच वाजलेल्या कडीवर त्याचा विश्वास उरला नव्हता. सहा महिन्यांपूर्वीच्या परीक्षेत तो पट्टाच लावायला विसरला होता आणि मशीन सुरू व्हायच्या आत नापास झाला होता. हा केंद्राचा विक्रम आहे, असं शिपायाने त्याला नंतर आदराने सांगितलं होतं.

“काका, माचावरचं पॅलेट उचलायचं, बाहेर काढायचं आणि खाली ठेवायचं,” दीपाली खालून म्हणाली. “घाई नाही. बोला, उचलल्यावर आधी काय?”

“आधी आत, मग खाली.”

“काय आत?”

“बूम.”

“शाब्बास.”

दीपाली बेटेगावच्या या प्रशिक्षण केंद्रावर शिकवणारी, आणि आज परीक्षा घेणारीही. वय सत्तावीस, आवाज पन्नास वर्षांच्या हेडबाईंचा. टेलिहँडलर म्हणजे ट्रॅक्टरच्या धडाला क्रेनची मान लावावी तसं यंत्र. ही मान म्हणजे बूम; ती वर जाते आणि पुढे लांबतेही. जितकी लांब, तितकं ओझं मशीनला नाकावर पाडायला बघतं. हे समजावं म्हणून तिने पहिल्या दिवशी सगळ्यांच्या हातात पाण्याची बादली देऊन हात लांब करायला सांगितलं होतं. बाकीचे मिनिटभरात थकले. रामनाथची तीन माणसं, दादू, पुंजाराम आणि मनीष, बादल्या धरून उभीच राहिली. दहा मिनिटांनी पुंजारामने विचारलं, “म्याडम, मंग पुडं काय?” प्रयोग तिथेच संपला.

हे तिघं त्याच्या बोटीवरचे खलाशी. रामनाथ त्यांचा तांडेल, बोट चालवणारा. गेल्या वर्षी नाखव्याने, म्हणजे मालकाने, बोट विकली आणि चौघं एकदमच किनाऱ्याला लागले. आता तारापूरच्या एका कारखान्याला टेलिहँडलर चालवणारा एक आणि खाली उभे राहणारे मदतनीस तीन हवे होते, सोमवारपासून. चौघांनी मशीनचं नाव बगळा ठेवलं होतं. बगळ्यावर रामनाथ पास झाला आणि तिघांना मदतनिसाचं कार्ड मिळालं, की बोट नाही तर नाही, पण माणसं तीच राहणार होती. नापास झाला तर सहा महिने परत बसता येत नव्हतं.

तिघं लाल रेषेबाहेर उभे होते. मदतनिसाची परीक्षा तेवढीच होती: मशीन चालू असताना रेषेच्या आत पाय टाकायचा नाही. पुंजारामच्या मते ही परीक्षा म्हशीसुद्धा पास झाल्या असत्या.

रामनाथने मान वर नेली, लांबवली, पुढचे लोखंडी काटे पॅलेटच्या लाकडी फळ्यांखाली सरकवले. सिमेंटच्या गोण्या माचावरून अलगद उचलल्या गेल्या. मशीन मागे घेऊन त्याने पॅलेट मोकळ्यावर काढलं. आता ओझं दुमजली उंचीवर होतं, आणि वाऱ्याने प्लॅस्टिकचं आवरण फडफडलं.

ते फडफडणं त्याने ऐकलं आणि त्याच्या हाताने तीस वर्षं जे केलं तेच केलं. बोटीवर जड वस्तू उंच लोंबकळत राहिली की बोट डोलते. ती पहिली खाली घ्यायची. डोक्यात ‘आधी आत’ होतं. हाताने मात्र ‘खाली’ घेतलं.

लांबलेली मान खाली येता येता ओझं आणखी पुढे गेलं. धोक्याची घंटा केकाटली. काचेतून आभाळ वर सरकलं आणि सगळी काच जमिनीने भरली. मागची चाकं उचलली गेली होती.

“पाठी या रे!” रामनाथ ओरडला.

जाळं ओढताना बोटीचं पुढचं टोक, नाळ, पाण्यात घुसायला लागली की हीच हाक, आणि खलाशी वजन टाकायला धावत मागे. विचार करायला वेळ नसतो आणि लागतही नाही. इंजिन, घंटा, वारा यांतून तो आवाज ओळखायची तिघांच्या कानांना वीस वर्षांची सवय. दीपालीच्या कानांना नव्हती. तिला दिसलं ते एवढंच: तीन मोठी माणसं लाल रेषा ओलांडून धावली आणि मशीनच्या पाठीवर चढून बसली.

“अरे! उतरा! लांब व्हा!”

तिघांनी आरशातून तांडेलाकडे पाहिलं.

“काका, लिव्हर सोडा!”

त्याने सोडली. मशीन वीतभर खाली आलं, वीतभर वर गेलं, आणि मधेच कुठेतरी राहिलं. मागची चाकं जमिनीपासून फूटभर वर, तिघांचे पाय त्यांच्याही खाली लोंबत. दीपालीने शिट्टी तोंडाशी नेली आणि वाजवली नाही. आता हे तिघं उतरले तर मशीन नाकावर जाणार होतं.

“कोणी हलू नका,” ती हळू म्हणाली. आठ दिवस जे शिकवलं त्याच्या बरोबर उलट.

दादूच्या खिशात फोन वाजायला लागला. गाणं हळदीचं होतं आणि भलतंच उत्साहाचं.

“उचलू काय?”

“नको!” चौघं एकदम म्हणाले.

फोन थांबला. पुन्हा वाजायला लागला.

“काका, आता फक्त आत. बोटभर घ्या, थांबा. पुन्हा बोटभर.”

रामनाथने आरशात पाहिलं. “पाय वर घ्या, तिघंबी.” तिघांनी गुडघे पोटाशी घेतले. मग त्याने बूम बोटभर आत घेतली. गोण्या झुलल्या. तो थांबला. पुन्हा बोटभर. मनीष डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता. घामाचा थेंब रामनाथच्या भुवईवर आला, डोळ्यात उतरला, तरी त्याने हात उचलला नाही. पुन्हा बोटभर. घंटा अडखळली आणि बंद झाली. मागची चाकं टेकली तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही.

पॅलेट खाली ठेवून, इंजिन बंद करून तो उतरला. पाय खाली लागल्यावर जमीन जरा हलल्यासारखी वाटली. दीपालीने चौघांना शेडमध्ये उभं केलं. तिने हातातले कागद टेबलावर ठेवले.

“काका, चूक झाली. पण सावरलीत बरोबर. असं असेल तर दुपारी पुन्हा एक संधी देता येते, तसा नियम आहे.” मग तिने तिघांकडे पाहिलं. “तुम्ही का धावलात? आपल्या मनाने रेषा ओलांडली असेल, तर कार्ड विसरा. चालवणाऱ्याने बोलावलं असेल, तर तुमची परीक्षा मी पुन्हा घेईन. त्याचं काय करायचं ते मग बघू. बोला. कोणी सांगितलं?”

“कोनी नाय,” दादू म्हणाला. “उनात उबा होतो. सावली दिसली.”

“मशीनच्या टपावर सावली?”

“तिकडं गेल्यावर समजलं, सावली नाय ते.”

“आणि तू?”

“मला लगवीला जायाचं होतं,” पुंजाराम म्हणाला. “मदी ही मशीन आली.”

मनीषने बराच विचार केला. “मी दादूला पकडाया गेलो.”

दीपालीने टोपण काढलं आणि पहिल्या कागदावर दादूचं नाव लिहिलं. त्यापुढच्या ‘नापास’च्या चौकोनावर पेन टेकलं.

“दीपाली,” रामनाथ म्हणाला. आठ दिवसांत त्याने तिला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. “हाक माजी होती.”

“तांडेल, तुमी गप ऱ्हावा ना,” पुंजाराम कुजबुजला.

“मी बोलावलं, म्हनून ते आले. मी बोलावलं तर ते विहिरीतबी येतील. तेच तर वाईट हाय.”

दीपालीने तो कागद बाजूला सारून रामनाथचा ओढला.

“सहा महिने, काका.”

“हाय ठाऊक.”

तिने लिहिलं. त्याने सही केली. मग ती स्वतः मशीनवर चढली, पट्टा लावला आणि इंजिन सुरू केलं. तिघांची परीक्षा पुन्हा, नियमाप्रमाणे, त्याच मशीनवर, फक्त या वेळी उलटी. तिघं रेषेच्या आत, पुढच्या चाकापासून चार हातांवर उभे होते.

“मी हॉर्न दिला की रेषेच्या बाहेर जायचं,” ती वरून ओरडली. “माझ्या हॉर्नवर. दुसऱ्या कोणाच्या नाही.”

हॉर्न वाजला.

तिघं हलले नाहीत. तिघांचीही मान शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या रामनाथकडे वळली होती. त्याची नुसती हनुवटी जरा हलली असती तरी पुरलं असतं. पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांब.

रामनाथने त्यांच्याकडे पाठ केली आणि तो कुंपणापलीकडच्या रस्त्याकडे बघू लागला. तिथे कारखान्याच्या पाळीची एक बस उभी होती, तिच्यात कोणीच नव्हतं. तो तिच्या खिडक्या मोजू लागला. अकराव्या खिडकीला त्याच्या पाठीमागे रेतीवर एक पाऊल सरकलं. मग दुसरं.

तिसऱ्याने फार वेळ लावला.