माशांचं माहेर

पोळ्याच्या पोकळ ओंडक्याच्या तोंडाशी लिंपलेली माती फिदेलियाने सुरीने खरवडली, लाकडी झाकण काढलं आणि ती आत डोकावली. बिननांगीच्या मधमाशा तिच्या केसांत शिरल्या. ती हलली नाही.

"मावशी, निकाल आलाय," यामिलेत फाटकातून म्हणाली.

मेरिदा शहरातल्या विद्यापीठातली ही मुलगी गावोगावच्या माशा कुप्यांत भरून घेऊन गेली होती. मायटोकॉन्ड्रियातली जनुकं फक्त आईकडून येतात. ती जनुकं वाचून यामिलेत माशांचा वंशवृक्ष मांडत होती.

फिदेलियाला एकच फांदी बघायची होती. तेवीस वर्षांपूर्वी आईचं एक पोळं ओंडक्यासकट चोरीला गेलं, आणि त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीच्या, नोएमीच्या अंगणात नवं पोळं आलं. जंगलात सापडलं, असं नोएमी म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"तिच्या माशा आणि माझ्या एकच ना?"

"एकच. एकाच राणीच्या लेकी म्हणा."

"बघ!" फिदेलियाने सुरी एप्रनला पुसली. "कधीची ओरडतेय मी! आता हा कागद गावभर दाखवते."

"थांबा हो जरा." यामिलेतने कागद ओट्यावर पसरला. "आईंनी तुमच्या भावाला लग्नात पोळं दिलं होतं, ते या फांदीवर. गावातली बाकीची सगळीही इथेच. तुमच्या दोघींच्या माशा मात्र पार तिकडच्या फांदीवर. हा वंश मला फक्त दक्षिणेच्या जंगलात मिळाला."

"म्हणजे?"

"म्हणजे नोएमीमावशींना ते खरंच जंगलात सापडलं असणार. तुमच्याकडे कसं आलं, तेवढं मला कळेना."

फिदेलिया ओट्यावर टेकली. भांडणानंतर तीन वर्षांनी मोठं वादळ आलं होतं. माशांची झोपडी भुईसपाट, आईकडून आलेले बाराही ओंडके फुटलेले, मध आणि चिखल एक झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पडक्या भिंतीला टेकून एक ओंडका धड उभा होता. आईचं एवढं तरी वाचलं म्हणून ती त्याला कवटाळून रडली होती. तो बाकीच्यांसारखा कसा फुटला नाही, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. आजचे चौदा ओंडके त्या एकातूनच झालेले.

"नोएमीमावशींनाही निकाल सांगायचा आहे मला," यामिलेत म्हणाली.

"तू नको. मी जाते."

तिने झाकण बसवलं, फट नीट लिंपली, हात धुतले आणि वरच्या आळीकडे निघाली.

नोएमी दारात बसून मक्याचे दाणे काढत होती. बहिणीला फाटकात बघून तिचे हात थांबले.

"वादळात तो ओंडका," फिदेलिया म्हणाली, "एकटीने कसा गं आणलास?"

नोएमीने हातातलं कणीस खाली ठेवलं.

"हातगाडीवर." तिने पायाने स्टूल पुढे सरकवलं. "बस, ताई."