अध्यासनाचं पाणी

विद्यापीठातल्या सार्वजनिक आरोग्याच्या अध्यासनाला सत्तर वर्षं झाली होती, आणि त्याचा खरा इतिहास एका शिपायाला तेवढा ठाऊक होता. त्याला सगळे मामा म्हणत. अध्यासनासाठी पैसा दिला होता एका गिरणीमालकाने, आणि दानपत्रात अट घातली होती भलतीच. नव्या प्राध्यापकाने पद घेताना गिरणीमागच्या गल्लीतल्या नळाचं पाणी, जसं येईल तसं, तांब्याभर सगळ्यांसमोर प्यायचं. नाही प्यायला तर पैसा वारसांना परत. गरिबाचं पाणी पोटात गेल्याशिवाय कसला आलाय आरोग्याचा प्राध्यापक, असं शेठजींचं म्हणणं. म्हणायला काय जातंय? स्वतः शेठजींनी त्या नळाला कधी बोटही लावलं नव्हतं.

पहिला प्राध्यापक सरळमार्गी निघाला. तांब्याभर प्याला आणि सव्विसाव्या दिवशी विषमज्वराने गेला. भिंतीवर सगळ्यात मोठी तसबीर त्याचीच आहे. पुढच्या खेपेला पाणी आणायचं काम मामांच्या वडिलांकडे आलं. त्यांनी कुणाला न विचारता, न सांगता ते उकळून गार करून ठेवलं. दुसरा प्राध्यापक ठणठणीत राहिला. तिसराही. चौथ्याच्या वेळी उकळणारे मामाच होते. त्या गृहस्थांनी आपल्या पोटाच्या ताकदीवर चक्क एक लेख लिहिला आणि अठरा वर्षं पोराटोरांना वाचून दाखवला. मामा दाराशी उभे राहून गंभीर तोंडाने ऐकायचे. हसू आवरणं हीसुद्धा नोकरीच होती.

पाचव्या वेळी अध्यासन बाईंना मिळालं. बाई याच विभागात शिकलेल्या. विशीपासून मामांना मामा म्हणणाऱ्या, आईच्या आजारपणात त्यांच्या टेबलाशी बसून रडलेल्या. गल्लीचा नळ गटाराच्या पाइपाला लागून गेलाय, जुनी नळवाहिनी बदला, असा अहवाल त्यांनी दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेला दिला होता. पाणीखात्याचा इंजिनियर म्हणाला, आमच्या तपासणीत पाणी स्वच्छ. कागदाला कागद भिडला आणि दोन्ही धूळ खात पडले.

म्हणून बाईंनी पैज लावली. पालिकेच्या भरसभेत त्या म्हणाल्या, मी तुमचं पाणी पिणारच आहे. एकवीस दिवसांत अंथरुणाला खिळले, तर नवी नळवाहिनी मंजूर करा. इंजिनियर म्हणाला, आणि नाही खिळलात तर विषय बंद. बाई हो म्हणाल्या.

विभागात आल्यावर मामांनी त्यांना विचारलं, हा काय वेडेपणा? तेव्हा त्या शांतपणे बोलल्या.

"मामा, शास्त्रात एका माणसाच्या आजाराला किंमत नसते. सभेत असते."

मामा त्याच गल्लीत राहायचे. लेक, जावई आणि चार वर्षांची नात, जिला घरात सगळे ठमी म्हणत. नवी नळवाहिनी त्यांनाही हवीच होती. पण आजारी पडायची हौस खरोखर कुणाला असते? ही सभेतली भाषा, असं त्यांनी धरलं. पदग्रहणाच्या सकाळी कळशी भरून आणली, प्रयोगशाळेच्या शेगडीवर ठेवली, आणि त्यांना पहिल्या प्राध्यापकाची तसबीर दिसायला लागली. बाईंना सात वर्षांचा मुलगा होता. मामांनी पाणी वीस मिनिटं खळखळ उकळलं. मायेपोटीच उकळलं, त्यात शंका नाही.

बाई सगळ्यांसमोर तांब्या रिकामा करून बसल्या. रोज सकाळी ताप मोजायच्या. आठवा दिवस गेला, चौदावा गेला. एरवी पडसं त्यांची पाठ सोडायचं नाही, पण त्या तीन आठवड्यांत शिंकही आली नाही. एकविसाव्या दिवशी इंजिनियरने सभेत त्यांना उभं राहायची विनंती केली आणि म्हणाला, बघा, आमच्या पाण्याने तब्येत सुधारलीय. सभा हसली. नळवाहिनीचा पैसा नाट्यगृहाच्या छपराकडे वळला, आणि आरोग्याच्या प्राध्यापकांनीच पाणी शुद्ध ठरवल्याची नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी मामांना राहवेना. ते बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, मी उकळलं होतं."

बाईंनी उठून दार लावलं. कधीपासून, विचारलं. मामांनी वडिलांपासूनचं सगळं सांगून टाकलं. आपण सभेत येऊन बोलतो, नोकरी गेली तर गेली, असंही म्हणाले. बाई चिडतील, रडतील, असं त्यांना वाटलं होतं. बाई खिडकीशी उभ्या राहून विचार करत राहिल्या, आणि मामांना त्यांची पहिल्यांदाच भीती वाटली.

मग त्या हिशेबी आवाजात बोलल्या. हे बाहेर पडलं तर अट मोडली. नुसती आत्ता नाही, तीनदा आधीही. वारस कोर्टात जाणार, विभागाला कुलूप लागणार. मग गल्लीचं पाणी तपासणार कोण? पुढच्या वर्षी नवा अहवाल करू, चांगला दणदणीत करू.

"तुम्ही मला काही सांगितलं नाहीत, मामा. मी काही ऐकलं नाही."

खरं सांगायचं तर मामांना हायसं वाटलं. निवृत्तीला आठ महिने राहिले होते. ते चहा आणायला गेले.

दोन महिन्यांत गल्लीत विषमज्वर शिरला. मामांच्या घरी पाणी नळाचं हंड्यात आणि हंड्यातलं पोटात, असंच चालायचं. विभागात गॅस फुकट होता. घरी चार माणसांचं पाणी रोज उकळायला सिलिंडर काय झाडाला लागतात? मोठ्यांची पोटं मुरलेली होती. ठमीचं नव्हतं. तिला ताप भरला, उतरला, पुन्हा भरला. तिसऱ्या आठवड्यात तिने आईच्या मांडीवर प्राण सोडला. मामांनी तिला उचललं तेव्हा ती इतकी हलकी लागली की त्यांना आपल्या हातांची लाज वाटली.

पंधरा दिवसांनी बाई साथीची पाहणी करायला आल्या. मागे सहा विद्यार्थी, हातात छापील तक्ते. कुठल्या दारापाशी आलोय ते त्यांना माहीत होतं. चुकवलं असतं तर विद्यार्थ्यांनी कारण विचारलं असतं. मामा उंबऱ्यात उभे राहिले. आत लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती.

बाईंनी घरातली माणसं विचारली, आजारी किती विचारलं, मृत्यू विचारला. मामांनी उत्तरं दिली. बाईंनी ती स्वच्छ अक्षरात लिहून घेतली.

"पिण्याचं पाणी उकळता का?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"घरी नाही. तुमच्यासाठी उकळलं होतं."

विद्यार्थी एकमेकांकडे बघायला लागले. मामा काय बोलले, आणि कशाबद्दल, ते कुणालाच कळलं नाही. बाईंनी 'नाही'च्या चौकटीत खूण केली, पान उलटलं आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.