चहापत्तीचं वावर

निकितानं गाळणीतली चहापत्ती बोटांनी फोडली आणि गोंद लावलेल्या उतारावर चिमटीचिमटीनं भुरभुरली. खेळण्यातल्या रेल्वेच्या कडेची ती शेतजमीन तिला हुबेहूब हवी होती, वणीच्या वाटेला दिसते तशी काळी, ढेकळांची. हिरव्या गवताची तयार पाकिटं मिळतात. ती तिनं एकदा मागवली आणि परत पाठवली. असलं गुबगुबीत गवत पांढरकवड्यात उगवतं कुठं? तिच्या प्लायवूडच्या फळीवर फड्याच्या, म्हणजे झाडूच्या, काड्यांची पऱ्हाटी होती, टोकांना नखभर कापूस, आणि मधून वीतभर गाडी धावायची. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहून तिनं हा पसारा जमवला होता.

उद्या मुलाकडचे बघायला येणार आणि हिच्या हाताला गोंद, म्हणून कोकिळा, तिची आई, दारातूनच कडाडली. अठ्ठावीस वर्षांच्या घोडीनं खेळणी मांडावीत का? निकितानंही पाहुण्यांसाठी खोली रिकामी होणार नाही असं ठणकावलं. मायलेकींची चांगलीच जुंपली आणि त्या नादात पत्ती धुवायची राहिली. एरवी ती दोन-तीनदा धुवून वाळवायची, कारण घरच्या चहात साखर पत्तीबरोबरच उकळते.

दुसऱ्या दिवशी कोकिळेनं त्या पसाऱ्याच्या उंच कडांवर दुसरी फळी टाकली, वर चादर अंथरली आणि त्यावरच पोह्यांच्या प्लेटा मांडल्या. मुलगा पियुष आणि त्याचे आईवडील येऊन बसले. गप्पा रंगात आल्या, तोच चादरीखालून लाल मुंग्यांची रांग निघाली आणि सरळ पियुषच्या आईच्या प्लेटीत शिरली.

बाईंनी चादर उचलली. कोकिळा ती परत खाली ओढू लागली. निकिता मात्र उठली, प्लेटा बाजूला केल्या आणि फळी स्वतःच काढली.

"हे काय होय?" बाईंनी विचारलं.

"वावर हाय. रेल्वेच्या कडेचं. मी केलं."

पियुष वाकून बघत राहिला. इंजिनाकडे त्यानं बोट नेलं, आईकडे पाहिलं आणि मागं घेतलं.

"लग्नानंतर सोडशीन ना हे?" बाईंनी निकिताला विचारलं.

"नाही सोडणार."

पाहुणे चहा न घेता गेले. निकिताचे वडील किसनराव रात्री जेवले नाहीत. चांगलं स्थळ हातचं गेलं, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं भिंतीला सांगत होते.

पण दोन दिवसांनी मध्यस्थ फकिराभाऊंचा फोन आला. मुलगी पसंत होती. तेवढा खेळ सोडते म्हणून तिनं एकदा कबूल करावं, बाकी काही मागणं नव्हतं. किसनराव हरखले. निकिता नाही म्हणायला पुढं झाली, तर तिच्या आधी कोकिळेनं फोन घेतला.

"भाऊ, त्याईले सांगा, आमच्याकडून नाही हाय."

तिनं फोन ठेवला. किसनराव तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"काहून? असं काय मांगून राह्यले ते?"

"मले तर कोणी मांगितलंबी नव्हतं," कोकिळा म्हणाली. "न मांगताच सोडलं मी."

ती आत निघून गेली. लग्नाला तीस वर्षं होत आली होती. तिनं काय सोडलं होतं ते किसनराव आठवू लागले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ते त्यांना कधी ठाऊकच नव्हतं.